नसलेल्या अंगठ्याची कळ

माझी मावशी पाय बनवायची. आमच्या घरी कुणी नवीन पाहुणा आला की आई सवयीने सांगायची, "ही माझी धाकटी बहीण, ही पाय करते." पाहुण्याला वाटायचं, ही पाय चेपून देते. एका दूरच्या काकांनी तर खरोखरच चप्पल काढून पाय पुढे केला होता. मावशीने तो नीट निरखला आणि म्हणाली, "तुमचा अजून बरा आहे, चालवा."

इस्पितळाच्या मागच्या अंगाला तिचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा, पण खोल्या दोनच आणि पुढे एक लांबट दालन. पहिल्या खोलीत प्लास्टरचं काम चालायचं, त्यामुळे तिथली फरशी, नळ, खिडकीचे गज, सगळं पांढरं. दुसऱ्या खोलीत भट्टी, घासायची यंत्रं आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या कानशी. दालनात कमरेच्या उंचीचे दोन समांतर दांडे होते. नवा पाय लावलेला माणूस त्यांना धरून पहिली पावलं टाकायचा. शेजारी चाकांच्या चौकटीत बसवलेला पुरुषभर उंच आरसा. आपण तिरके चालतोय की सरळ, ते माणसाला त्यात दिसायचं.

या कामात ती आली ती रागाने. ती एकोणीस वर्षांची असताना आजी गेली. आजीच्या टाचेला जखम झाली होती, अंगात मधुमेह होता, आणि ती कुणाला काही बोलली नाही. लंगडतेस का, असं विचारलं की म्हणायची, "देहाचं काय एवढं? आज आहे, उद्या नाही." आजी देवभोळी होती. देह म्हणजे अंगावरचा कपडा आणि आत्मा म्हणजे तो घालणारा, असं ती घरात सगळ्यांना सांगायची. जखम काळी पडली तेव्हा तिला इस्पितळात नेलं. पाय कापावा लागला, आणि तरीही अकराव्या दिवशी ती गेली.

त्या अकरा दिवसांत बाकावर बसून कंटाळा आला की मावशी मागच्या बाजूला जायची आणि दारातून कारखान्यातलं काम बघत उभी राहायची. तिथल्या मुख्य कारागिराला सगळे मिस्त्री म्हणत. पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला, कमी बोलणारा माणूस. आजी गेल्यावर पंधरा दिवसांनी मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मला काम शिकवा," ती म्हणाली.

"इथे मुली टिकत नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"आतापर्यंत किती ठेवल्या?"

मिस्त्रीने जरा विचार केला. "एकही नाही."

"मग ठेवून बघा."

त्याने तिच्या हातात कानस दिली. ती पुढची एक्केचाळीस वर्षं तिच्या हातात राहिली.

मिस्त्रीचं तत्त्वज्ञान एका ओळीचं होतं. "इथे मिलिमीटर चालतो, बाकी काही चालत नाही." नव्या पायाची वाटी उरलेल्या पायावर नीट बसली तर माणूस चालेल, दोन मिलिमीटर चुकलं तर कातडं सोलवटेल. त्यात दैव नाही, पूर्वजन्म नाही. मावशीला हे इतकं पटलं की तिने ते घरी आणलं. पूजेच्या खोलीत जाणं तिने सोडलं. कुणी आत्म्याचं नाव काढलं की ती म्हणायची, "आत्मा राहू दे बाजूला, शुगर तपासलीस का?" आई तिला समजावायची नाही. फक्त विषय बदलायची.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीच्या मिलिमीटरात बसत नव्हती. पाय कापलेल्या माणसांपैकी बरेच जण सांगायचे की जो पाय गेला तोच दुखतो. पोटरीत पेटके येतात, बोटं आत वळतात, तळव्याला खाज सुटते आणि खाजवायला हात नेला तर तिथे चादर. मिस्त्री म्हणायचा, "नसा आहेत. विसरतील." मावशीही तेच म्हणायला लागली. कुणी खोदून विचारलंच तर ती कानस जोरात फिरवायची, म्हणजे पुढचं ऐकू येत नसे.

ती एक्केचाळीस वर्षांची असताना सर आले.

ते महाविद्यालयात पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. रक्तवाहिनी बंद पडून उजवा पाय सडत गेला, आणि दीड महिना असह्य वेदना सोसल्यावर तो गुडघ्याखाली कापावा लागला. सुनेने चाकाची खुर्ची ढकलत त्यांना आत आणलं आणि ती बाहेर बाकावर वर्तमानपत्र उघडून बसली. मावशीने उरलेल्या पायाभोवती टेप गुंडाळता गुंडाळता नेहमीचा प्रश्न विचारला.

"दुखतं का, सर?"

"कुठे विचारताय? जो आहे तिथे, की जो नाही तिथे?"

मावशीने मान वर केली. "दोन्हीकडे सांगा."

"जो आहे तो बरा आहे. जो नाही त्याच्या अंगठ्यात कळ येते. अंगठा आत वळून बसलाय, मूठ आवळावी तसा. सरळ करता येत नाही, कारण तो नाहीच."

"नसांचा खेळ आहे सर. जाईल."

"असेल," सर म्हणाले. "पण ताई, माझी पंचाईत वेगळी आहे. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं, देह निराळा, आत्मा निराळा, आणि खरा तो आत्मा. आता हा अंगठा कुणाचा म्हणू? देहाचा म्हणावं तर तो देह डॉक्टर घेऊन गेले. आत्म्याचा म्हणावं तर आत्म्याला अंगठा असतो असं मी कुठल्याच ग्रंथात वाचलेलं नाही."

मावशीला हसू आलं. आत्म्याचं नाव ऐकून हसण्याची तिची ती पहिलीच वेळ.

मापाचा साचा घेताना उरलेल्या पायाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळतात आणि त्या सुकेपर्यंत माणसाला हलता येत नाही. सरांचा पहिला साचा बिघडला, दुसऱ्याच्या वेळी पायाची सूज उतरली होती, त्यामुळे तिसरा घ्यावा लागला. असा तीनदा त्यांना ओलं प्लास्टर घेऊन बसावं लागलं, आणि ज्याचं आयुष्य शिकवण्यात गेलं तो माणूस गप्प कसा बसणार? मावशी बादलीत हात धूत ऐकायची. तिची शाळा शिवणकामाच्या परीक्षेपाशी थांबली होती. ती म्हणते, तिचं महाविद्यालय त्या तीन प्लास्टरांत झालं.

पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं की फार जुन्या माणसांना हा प्रश्न पडलाच नव्हता. जिवंत माणूस श्वास घेतो, मेलेला घेत नाही, म्हणजे जीव म्हणजे वारा. आत्मा हा शब्दसुद्धा कितीतरी भाषांमध्ये श्वासाच्याच शब्दातून आला. तेव्हाचा आत्मा असा हवेसारखा, धुरासारखा, पण वस्तूच होता. दुसऱ्या वेळी देह आणि आत्म्याची फाळणी आली. कुणी म्हणालं, देह तुरुंग आहे आणि आत्मा त्यातला कैदी. मग उपास आले, देहाला शिक्षा देणं आलं. त्याच काळात दुसरे सांगत होते की आत्मा वगैरे काही नाही, धान्य आंबवलं की त्यात जशी नशा येते, तशी माती-पाण्यातून जाणीव येते, आणि देह गेला की तीही गेली.

"ते माझे लोक," मावशी म्हणाली.

"मला वाटलंच होतं," सर म्हणाले. "आणि तिसरेही होते. ते म्हणाले, देवाने देह घडवला तर तो घाण कसा असेल? देह हेच देवाचं घर. एकाच धर्मात हे तिघेही सापडतील, एकाच पंगतीला बसून एकमेकांकडे न बघता जेवताना."

तिसऱ्या प्लास्टरला ते यंत्रापाशी आले. देह म्हणजे घड्याळासारखं यंत्र, असं विद्वान म्हणू लागले. मग त्या यंत्रात आत्मा कुठे बसतो, याचा शोध सुरू झाला. मेंदूत, काळजात, ग्रंथीत. कुठेच बसायला जागा सापडेना, तेव्हा कित्येकांनी त्याला घराबाहेरच काढलं. जड तेवढं खरं, असं ठरलं. "आणि मग गंमत झाली," सर म्हणाले. "शास्त्रज्ञ जडाच्या आत शिरले. आत बघतात तर जड म्हणावं असं फारसं काही नाही. पोकळी आणि हालचाल. आता जड म्हणजे नेमकं काय, हे जडवाद्यांनाच नीट सांगता येईना."

"म्हणजे इतकी वर्षं भांडून निकाल काय?"

"निकाल नाही. प्रश्न मात्र बदलत गेला."

"आमच्याकडे पाय बदलला की साचा पुन्हा घ्यावा लागतो," मावशी म्हणाली आणि कापायची कात्री उचलली. सरांनी खिशातली वही चाचपली. मग म्हणाले, "हे मी लिहून ठेवतो."

त्याच दिवशी साचा सोडवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, आत्मा म्हटलं की तुम्ही का चिडता?"

मावशीने कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. टाच, काळी पडलेली जखम, देहाचं काय एवढं. सगळं ऐकून सरांनी एकच विचारलं. "तुमचा गुडघा फुटला, तर त्या काय म्हणायच्या? तेव्हाही देहाचं काय एवढं?"

मावशीला आठवलं. लहानपणी तिचा गुडघा सारखा फुटायचा आणि आजी हातातलं काम टाकून धावत यायची, कोमट पाण्याने धुवायची, फुंकर घालत औषध लावायची. आजोबांना कणकण आली तरी आजी दोन दिवस त्यांच्या उशाशी बसून असायची. इतरांच्या देहाबद्दल आजीचं बोलणं काही वेगळंच होतं.

त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली. मी टेबलाशी अभ्यास करत होतो. आई चहा गाळत होती. मावशीने चप्पलही काढली नाही, दारातूनच विचारलं, "ताई, आईने जखम का लपवली?"

आईने गाळणी खाली ठेवली. "आज एकदम?"

"सांग."

"तुझी परीक्षा दहा दिवसांवर होती," आई म्हणाली. "तिला ठाऊक होतं, दवाखान्यात गेली की तू पुस्तक मिटून तिच्याजवळ बसशील. मला शपथ घातली होती. तिला वाटलं, दहा दिवसांनी काय बिघडतंय? मलाही वाटलं. देहाचं काय एवढं, असं ती म्हणायची ते आपण घाबरू नये म्हणून. रोज मोजा घालताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते मी बघायचे."

मावशी उभीच होती. "बावीस वर्षं मला सांगितलं नाहीस."

"तू त्या रागावर उभी होतीस. तो काढून घेतला असता तर पडली असतीस, असं मला वाटायचं." आईचा आवाज बारीक झाला. "आणि माझीही चूक होतीच की त्यात."

मावशीने चप्पल काढली, आत आली आणि खुर्चीवर बसली. चहा झाल्यावर उठून तिने कपबशा विसळल्या. त्या स्वच्छ झाल्यावरही विसळत राहिली. जाताना आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुझी चूक नाही. तुझ्या जागी मीही गप्प बसले असते." पुढे एकदा तिने मला सांगितलं की तिला त्या रात्री वाईट वाटलं, पण त्याखाली आणखी काहीतरी होतं. आपल्यासाठी कुणी इतकं सोसलं होतं, आणि आपण बावीस वर्षं त्या माणसावर रुसून बसलो होतो. ते कळल्यावर तिला हलकं वाटलं. रागाचंही ओझं असतं, ते खाली ठेवल्यावर कळतं, असं ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सरांचा पाय तयार झाला. दांड्यांमधून ते सहा पावलं चालले. वाटी छान बसली होती. पण सातव्या पावलाला त्यांनी दात आवळले. अंगठा. मावशीने त्यांना स्टुलावर बसवलं, वाटीची कड जराशी घासावी म्हणून नवा पाय काढून घेतला, आणि दुसऱ्या बुटाच्या टाचेची उंची बघायची म्हणून डाव्या पायाचा बूट आणि मोजाही काढला. मधे येणारा आरसा तिने बाजूला सारला. तो नेमका सरांच्या दोन्ही पायांच्या मधोमध येऊन थांबला. उरलेला उजवा पाय आरशाच्या पाठीमागे गेला आणि डाव्या पायाचं प्रतिबिंब बरोबर उजव्याच्या जागी आलं.

मावशी कानस घ्यायला वळली, तेवढ्यात सर म्हणाले, "ताई, थांबा. आरसा हलवू नका."

ते खाली बघत होते. तिथे त्यांना दोन पाय दिसत होते. दोन्ही उघडे, दोन्ही धडधाकट. त्यांनी डावा अंगठा आत वळवला. आरशातला अंगठाही वळला. मग अगदी सावकाश, जड दार उघडावं तसा, तो सरळ केला.

"उलगडतोय," ते म्हणाले.

"कुठला?"

"तोच. नसलेला."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी पुन्हा अंगठा वळवला, पुन्हा सोडला. दालनात आणखी दोन रुग्ण होते, तेही वळून बघू लागले. मिस्त्री आतल्या खोलीतून आला. आता तो सत्तरी ओलांडलेला होता आणि सवयीने कामावर यायचा. तो चष्मा सावरत बघत राहिला. पाच-सात मिनिटांनी सरांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "चार महिन्यांत पहिल्यांदा तो सैल पडलाय." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

इस्पितळातल्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंना मावशीने लगेच जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, असा उपाय करतात काही ठिकाणी. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण काहींना येतो. रोज दहा-पंधरा मिनिटं करू दे. सरांच्या सुनेने घरी तसाच आरसा लावून घेतला. दोन महिन्यांत कळ पूर्ण गेली नाही, पण आठवड्यातून एखाद्या वेळेपुरती उरली.

मिस्त्री मात्र आरशाच्या त्या दिवशी वेळेवर जेवला नाही. डबा न उघडता बाकावर बसला होता. मावशी जवळ गेली तेव्हा म्हणाला, "पोरी, पन्नास वर्षं मी लोकांना सांगत आलो, विसरतील. आरसा इथेच होता."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"विचारलंही नाही मी कधी." थोड्या वेळाने त्याने डबा तिच्याकडे सरकवला. "अर्धा तू खा. एकट्याला जायचा नाही."

तीन महिन्यांनी शहरातल्या ग्रंथालयात सरांचं व्याख्यान ठरलं. विषय त्यांचा जुनाच, चैतन्य आणि जड. त्यांनी मावशीला आग्रहाने बोलावलं. मीही तिच्याबरोबर गेलो. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. सर काठी टेकत स्वतःच्या पायांनी व्यासपीठावर चढले आणि मावशी त्यांचा चेहरा सोडून त्यांची पावलं बघत बसली. "डावीकडे झुकतायत," ती माझ्या कानात पुटपुटली. "सोमवारी बोलावते."

श्वासापासून यंत्रापर्यंतचं सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी पस्तीस वर्षं शिकवलं ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण ते मी उभं राहून शिकवलं, आणि ज्यांच्यावर उभा होतो त्यांचे आभार मानायचे राहून गेले. आज मानतो. जो गेला त्याचे, आणि जो मिळाला त्याचेही."

मागून एकाने विचारलं, "सर, पण मग आत्मा आहे की नाही?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "दुसऱ्या रांगेतल्या ताईंना विचारा. त्यांनी माझ्यापेक्षा जास्त माणसं जवळून पाहिली आहेत."

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मावशीच्या हाताची बोटं माझ्या मनगटात रुतली. पण ती उभी राहिली.

"मला आत्म्यातलं कळत नाही," ती म्हणाली. "पूर्वी वाटायचं, कळतं. आमच्याकडे माणूस येतो तो अर्धा देह आणि अर्धा आत्मा असा येत नाही. सगळाच्या सगळा येतो." मग तिने पुस्ती जोडली, "फक्त दिलेल्या वेळेवर येत नाही."

सभागृहात हशा पिकला. सर सगळ्यांत जास्त हसले.

त्यानंतर ते नऊ वर्षं चालले. दर सहा महिन्यांनी पाय तपासायला यायचे, आणि तपासून झाल्यावर उगीचच तासभर बसायचे. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातही येऊन गेले होते. मावशीने पुन्हा पूजा सुरू केली नाही. पण आजीचा फोटो तिने आमच्या घरून मागून नेला आणि आपल्या खोलीत, आरामखुर्चीतून दिसेल असा लावला. आत्म्यावरून ती आता कुणाशी वाद घालत नाही. शुगर तपासलीस का, हे मात्र अजूनही विचारते.

ती निवृत्त झाली तरी आठवड्यातून दोनदा नव्या मुलींना शिकवायला जाते. कारखान्यात आता हातही बनतात, आणि सात मुली आहेत. माप घ्यायच्या छापील कागदावर तिने मागे लागून एक ओळ वाढवून घेतली आहे: गेलेल्या भागात काही जाणवतं का, आणि काय. गेल्या महिन्यात मी तिला आणायला गेलो होतो. हात कोपरापासून गेलेली एक बाई समोर बसली होती आणि नवी मुलगी तिचं माप लिहीत होती. त्या ओळीपाशी आल्यावर मुलीने घाईने "नाही" लिहिलं.

"विचारलंस का?" मावशी म्हणाली.

"नाही. पण नसेलच ना."

"विचार."

मुलीने विचारलं. बाई जरा घुटमळली, आमच्याकडे बघून लाजली, आणि मग हळूहळू सांगू लागली. तिच्या नसलेल्या तळहातात तिच्या लेकीचा हात असल्यासारखं वाटतं, विशेषतः रस्ता ओलांडताना. दुखत नाही काही. उलट बरं वाटतं. हे सांगावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"सांगायचं," मावशी म्हणाली. तिने स्टूल ओढलं आणि बाईच्या समोर बसली. "सगळं सांगा. आम्हाला घाई नाही."

मुलीने आधीचा शब्द खोडला आणि लिहायला सुरुवात केली. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.